सिग्नलच्या फायबरवर पाण्याच्या टाक्या : बेळगाव दक्षिण भागातल्या कामाच्या नोंदी

७ एप्रिल २०२५

आजपासून ही वही. काम असं: सिग्नल आणि चौकातल्या कॅमेऱ्यांसाठी रस्त्याखालून फायबर गेलंय, त्यातल्या रिकाम्या कोअरवर (काचेच्या धाग्यांवर) पाण्याच्या दोन टाक्या आणि एक पंपघर जोडायचं. तिसरं गेट, आरपीडी, गोवावेस, गोगटे सर्कल, संभाजी चौक हा पट्टा आमच्याकडे. जमलं तर पुढं रस्त्यावरचे दिवे आणि नाल्याची पातळी.

तिसऱ्या गेटजवळची जोडपेटी उघडून मोजलं. केबल ४८ कोअरची. चार नळ्या, एकेकीत बारा. वापरात चारच, दोन जाणारे, दोन येणारे. बाकीचे ४४ टाकल्यापासून अंधारात पडून आहेत.

आमचा स्प्लायसिंगवाला (काचेचे धागे जोडणारा) पोरगा रंग पाढ्यासारखे म्हणतो: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, फिकट निळा. नळ्यांचाही हाच क्रम. पहिली निळी, शेवटची तपकिरी.

९ एप्रिल

अंदाजपत्रकाला बसले. नवीन केबल टाकायची तर काच स्वस्त पडते, महाग पडतो तो रस्ता. खोदाईची परवानगी, खोदलेलं पूर्ववत करण्याचा खर्च, कॅन्टोन्मेंटची हद्द लागली की तिथली वेगळी परवानगी, आणि सगळ्यांत अवघड म्हणजे रेल्वे ओलांडणं. टिळकवाडीत राहणाऱ्याला रेल्वे ओलांडणं म्हणजे काय ते सांगायला नको. सिग्नलच्या केबलनं ते सगळं एकदा सोसलेलं आहे. तिच्याच पोटात ४४ कोअर रिकामे असताना पाण्यासाठी पुन्हा तोच रस्ता उकरणं मला पटत नाही, आणि हे मी अहवालात स्पष्ट लिहिलंय.

भार किती पडेल हेही मांडलं. एका चौकातला चांगला कॅमेरा सेकंदाला दोन-चार मेगाबिट ओढतो. सिग्नलच्या कंट्रोलरला त्याच्या तुलनेत काहीच लागत नाही. टाकीची पातळी म्हणजे दर दहा सेकंदांनी एक आकडा. चोवीस तासांचे सगळे आकडे एकत्र केले तरी एका कॅमेऱ्याच्या चार-पाच सेकंदांच्या चित्राएवढे भरतात.

१६ एप्रिल

पहिली बैठक. टेबलाभोवती माणसं बसली तेव्हा गुंता दिसला. रस्ता एकाचा, सिग्नल चालवणारे पोलीस राज्याच्या गृहखात्याचे, वीज हेस्कॉमची, अग्निशामक दल राज्याचं, पाण्याचं खातं पुन्हा वेगळं. लोकांना हे सगळं ‘महापालिका’ वाटतं. नळाला पाणी नाही आलं तरी आणि सिग्नल बंद पडला तरी ते नगरसेवकालाच फोन करतात.

मी स्टॉकहोमचं उदाहरण दिलं. त्या शहरानं १९९४ साली स्टोकाब ही स्वतःची कंपनी काढली. ती रस्ता एकदा खणून फायबर टाकते आणि रिकामे कोअर सगळ्यांना सारख्या अटींवर भाड्यानं देते. स्वतः घरोघरी इंटरनेट विकायला जात नाही, त्यामुळे कुणाशी स्पर्धा नाही. एक वयस्कर अधिकारी शांतपणे ऐकत होते. ते म्हणाले, “ते सगळं बरोबर हो मॅडम. पण तुटलं की तिथं येतंय कोण?”

मला उत्तर देता आलं नाही. प्रश्न लिहून ठेवलाय.

२२ एप्रिल

दक्षिणेकडच्या टाकीवर गेले. वाल्वमनमामा तिथं तीस वर्षं आहेत. माझ्या हातात लॅपटॉप बघून म्हणाले, “काय बसवूलालाय मॅडम?” मी सांगितलं, टाकीत पाणी किती आहे ते ऑफिसात बसून दिसेल. ते म्हणाले, “आत्ता बी दिसतंय की,” आणि टाकीच्या बाहेरच्या भिंतीकडे बोट केलं.

भिंतीवर उभी पट्टी रंगवलीय, मीटरचे आकडे वरून खाली. आत तरंगता डबा, त्याला तार, तार कप्पीवरून बाहेर आणि टोकाला पत्र्याचा लाल बाण. पाणी चढलं की डबा वर जातो आणि बाहेरचा बाण खाली येतो. म्हणजे टाकी भरलेली असताना बाण तळाशी. मी पहिल्यांदा उलटंच वाचलं. मामांनी दुरुस्त केलं आणि वही दाखवली. रोज पहाटे, दुपारी, रात्री तीन आकडे. शाईचं पेन, समासात पावसाची खूण. पाणी सोडायच्या दिवशी रात्री अडीचलाही एक आकडा असतो, त्यासाठी ते घरून सायकलनं येतात. पावसाळ्यात बॅटरीचा झोत त्या बाणावर मारून वाचायचं.

राकसकोप जलाशयाची पातळी रोज पेपरात फुटांत छापून येते. गावातल्या टाक्यांची पातळी अशा वह्यांत असते आणि ती त्या माणसापाशीच राहते. दोन टाक्यांचे वाल्वमन एकमेकांना फोन करून पाणी वळवतात. एकाचा फोन लागला नाही की दुसरीकडे टाकी वाहून जाते. माझ्या लेखी हे काम त्या वाहून जाणाऱ्या पाण्यासाठी आहे.

५ मे

दोन मार्ग होते. एक, सिग्नलचेच चालू कोअर आणि स्विच (आकडे पुढं पाठवणाऱ्या चौकातल्या पेट्या) वापरायचे, त्यात पाण्यासाठी व्हीलॅनची, म्हणजे त्याच तारेवर आखलेली, वेगळी गल्ली ठेवायची. दोन, पाण्याला स्वतःचे दोन कोअर द्यायचे.

व्हीलॅन स्वस्त पडतो, कोअर वाचतात. पण मग पाण्याचा प्रत्येक आकडा चौकातल्या प्रत्येक स्विचमधून जाणार, म्हणजे तिथल्या बॅटरीवर जगणार. हिशेब केला. कॅबिनेटमध्ये १२ व्होल्टच्या ४२ अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या, मिळून साधारण १००० वॅट-तास. त्यातले निम्मे वापरायचे, नाहीतर बॅटरी वर्षात मरते. आताचा भार ६० वॅट, म्हणजे आठ तास निघतात. दुसऱ्या खात्याची पेटी बसवून भार १०० वर नेला की पाच तास. लाईट गेल्यावर सिग्नल तीन तास आधी आंधळा होणार, तो पाण्यामुळे. तार वाटून घेताना बॅटरीही वाटली जाते, हे कुणाच्याच अहवालात नव्हतं.

स्वतंत्र कोअर असेल तर चौकात काहीच बसवायला लागत नाही. काचेला काच जोडायची आणि प्रकाश सरळ पुढं. तिथली लाईट जाऊ दे, पेटीला पाणी लागू दे, पाण्याचा आकडा जातो.

ठरलं: पाण्याला स्वतंत्र कोअर. सिग्नलपासून शक्य तेवढे लांबचे, चौथ्या नळीतले, म्हणजे कुणाचा हात चुकून त्यांना लागणार नाही. सिग्नलच्या जाळ्याला वर्तुळ आहे, एका बाजूनं तुटलं की दुसरीकडून फिरतं. पाण्याला सध्या सरळ रेषा, वर्तुळ पुढच्या टप्प्यात. खर्च वाचतोय.

१४ मे

सुरक्षेवर पूर्ण दिवस. पंपघरातली यंत्रं मॉडबसवर बोलतात. ही भाषा १९७९ सालची आहे, कारखान्याच्या चार भिंतींत वापरायला केलेली. तिच्यात ‘तू कोण’ हा प्रश्नच नाही. जो तारेवर आला त्याचं ऐकायचं. कारखान्यात चाललं. इथं ती तार चौकातल्या पत्र्याच्या पेट्यांमधून जाणार, आणि त्या पेट्यांची किल्ली मी तपासली तर पट्ट्यातल्या सगळ्या पेट्यांना एकच चालते.

त्यामुळे पहिल्या टप्प्यात फक्त बघायचं. पातळी, दाब, पंप चालू की बंद. पंप सुरू करण्याची सोय जाळ्यावरून नाही, ती पंपघरातल्या माणसाच्या हातात राहील. नियंत्रण कक्षात दोन्ही खात्यांची जाळी जिथं भेटतात तिथं फायरवॉल, आणि तिच्यातून फक्त वाचण्याची मुभा. ‘एवढं करूलालोय तर बटण पण द्या की,’ असा आग्रह झाला. मी नाही म्हटलं आणि नकाराचं कारण लेखी दिलं. कुलपं बदलण्याची मागणी वेगळी पाठवली.

२६ मे

मान्सून परवाच केरळात आला, आठवडाभर आधी. आमचं चेंबरचं काम त्याच्या आधी संपणार होतं. गोवावेसजवळच्या तीन चेंबरांत गुडघाभर पाणी. उपसलं की पुन्हा भरतंय. फायबरला पाण्याचं भय नाही, पण जोडपेटीचं रबर चावलं गेलं असेल तर आत ओल शिरते. एका पेटीत उंदराचं घरटं निघालं.

१२ जून

रात्री साडेअकरा ते पहाटे चार, स्प्लायसिंग. झिमझिम चालू. रिक्षाच्या मागं ताडपत्री बांधून आत मशीन ठेवलं. पोरानं कोअरचं आवरण सोललं, स्पिरिटनं पुसलं, कापलं. मशीनच्या पडद्यावर दोन काचेची टोकं एकमेकांसमोर येतात, क्षणभर ठिणगी, आणि सांधा दिसेनासा होतो. मग त्यावर नळी सरकवून तापवायची. एकाला सगळं मिळून तीन मिनिटं. केसाएवढी काच आणि पावसात ओले झालेले हात. हा पोरगा दहावी झालाय, पण त्याच्या सांध्यात प्रकाशाचं नुकसान ०.०५ डेसिबलच्या वर जात नाही.

टाकीपासून नियंत्रण कक्षापर्यंत ९ किलोमीटर. प्रकाशाचं नुकसान काचेत ३.१५, चौदा सांध्यांत एकेकी ०.१ धरून जास्तीत जास्त १.४, कनेक्टरांत २, मिळून साडेसहा डेसिबल. प्रकाश पाठवणारं मॉड्यूल दहापर्यंत झेपवतं. पुढं दुरुस्तीचे सांधे वाढले तरी जागा आहे.

३ जुलै

सकाळी १० वाजून ४० मिनिटांनी पहिला आकडा आला. २.८ मीटर. मी मामांना फोन केला. ते टाकीखालीच होते. “दोन पॉइंट आठ,” ते म्हणाले. नियंत्रण कक्षातले पोलीस हवालदारसुद्धा खुर्ची सरकवून बघायला आले.

१८ जुलै

तुटलं.

दुपारी १ वाजून ५२ मिनिटांनी पाण्याचे आकडे थांबले. सिग्नलच्या पडद्यावर एक लाल ओळ आली, पण चौक चालूच. त्यांचं वर्तुळ ५० मिलिसेकंदांच्या आत दुसऱ्या बाजूनं फिरलं, चौकातल्या माणसाला कळलंही नाही. पाण्याची सरळ रेषा होती, ती मेली.

ओटीडीआर (केबलमध्ये प्रकाश सोडून ती किती अंतरावर तुटली ते सांगणारं यंत्र) लावला. २,३७० मीटरवर तुटल्याचं दाखवलं. तेवढ्यावर चालत गेलो तर तिथं काहीच नाही, शांत रस्ता, शेवग्याचं झाड. मग लक्षात आलं, दर चेंबरमध्ये केबलचं वेटोळं ठेवलेलं असतं, ते मोजणीत धरलं जातं. मागं येत गेलो. १३० मीटर अलीकडे जेसीबी उभा होता. गटारीचं काम. बकेटच्या दातात आमची नारिंगी नळी, केबल जिच्यातून जाते ती बाहेरची, लोंबत होती. ऑपरेटर घाबरून गेला होता. त्याला कन्नडमध्ये विचारलं, वर पिवळी पट्टी दिसली नाही का? तो म्हणाला, पट्टी आणि नळी एकदमच आली. खड्ड्यात उतरून बघितलं तर खरं होतं. इशाऱ्याची पट्टी नळीच्या वर फूटभर असायला हवी. मूळ काम करणाऱ्यांनी ती नळीलाच चिकटवून टाकलेली. त्या बिचाऱ्याला इशारा मिळायची सोयच नव्हती. खोदण्याआधी कळवण्यासाठी २०२३ च्या मार्चपासून केंद्राचं ‘कॉल बिफोर यू डिग’ ॲप आहे. ज्यांचं गटारीचं काम होतं त्यांनी ते वापरलं नव्हतं, आणि आमची केबलही त्यात नोंदवलेली नव्हती. दुसरा दोष आमचा.

आता खरं दुखणं. कुणी कुणाला बोलवायचं? पाणी खात्याचं म्हणणं, केबल सिग्नलची. सिग्नल सांभाळणाऱ्यांचं म्हणणं, आमचं तर चालू आहे, उद्या सकाळी बघू. साडेचारपर्यंत फोनाफोनी. शेवटी मी पोराला घेऊन गेले, परवानगीचा कागद नंतर येईल म्हणून.

केबल तुटली की मध्ये नवीन तुकडा घालावा लागतो, म्हणजे दोन ठिकाणी सांधे. ४८ दुणे ९६. एकेकाला तीन मिनिटं धरली तरी पावणेपाच तास. आणि आम्ही सवयीप्रमाणे रंगाच्या क्रमानं सुरुवात केली. निळी नळी आधी, मग नारिंगी, मग हिरवी. सिग्नलचे कोअर निळ्या नळीत, ते तासाभरात जुळले, त्यांचं तर काही अडलेलंही नव्हतं. पाण्याचे तपकिरी नळीत. शेवटची. सुरक्षित राहावेत म्हणून मीच त्यांना शेवटच्या नळीत घातलं होतं. मध्ये ४४ पैकी चाळीसेक रिकामे कोअर आम्ही पावसात बसून जोडत राहिलो आणि ज्यावर टाकी अवलंबून होती तो जोड रात्री पावणेदहाला झाला.

मामा त्या रात्री भिजत टाकीवर गेले आणि बॅटरी मारून बाण वाचला. टाकी वाहिली नाही ती त्यांच्यामुळे.

१९ जुलै

झोप नाही. कालचा क्रम मी बदलू शकत होते. केबल हातात धरली तेव्हा डोक्यात सांधे होते, टाकी नव्हती.

२८ जुलै

आठ दिवस कागद फिरवला, आज सह्या झाल्या. एकच पान. एप्रिलच्या बैठकीतले ते अधिकारी स्वतः बसून मसुदा वाचत होते, त्यांनीच दोन वाक्यं घातली.

केबल कुणाची याबद्दल त्यात एकच ओळ आहे. बाकी सगळं तुटल्यानंतरचं. फोन कुणालाही आला तरी जो उचलेल त्यानं ओटीडीआरवाल्याला थेट सांगायचं, साहेबांच्या परवानगीसाठी थांबायचं नाही. दोन तासांत माणूस जागेवर. खर्च कोअरच्या संख्येवर वाटायचा आणि तो भांडण मिटेपर्यंत दुरुस्ती थांबवायची नाही. ज्या सेवेचं वर्तुळ नाही, तिचे कोअर आधी जोडायचे, मग चालू असलेल्यांची दुसरी बाजू, रिकामे कोअर दुसऱ्या दिवशी उजेडात. या हिशेबानं १८ तारखेला टाकी पावणेदहाला नाही, केबल हाती आल्यावर पाऊण तासात परत आली असती.

सांध्यांचा हा क्रम प्लॅस्टिकच्या कार्डावर छापून प्रत्येक जोडपेटीच्या झाकणात आतून चिकटवला. कन्नडमध्ये आणि मराठीत, दोन्ही सारख्या अक्षरात. कुणीतरी विचारलं, दोन भाषा कशाला, एक पुरे की. रात्री दोन वाजता खड्ड्यात उतरलेला माणूस कुठल्या भाषेत शाळा शिकलाय हे आपल्याला आधी माहीत नसतं. आमच्या पोराला मराठी वाचता येतं, जेसीबीवाल्याला कन्नड. दोघांनाही त्याच खड्ड्यात काम करायचंय.

कन्नड मजकूर तपासायला शेजारच्या मास्तरांकडे गेले होते. त्यांनी ‘आधी’ साठीचा शब्द बदलून दिला, आमचा शब्द ‘पूर्वी’ असा वाचला जात होता.

१२ ऑगस्ट

पाण्याचं वर्तुळ पूर्ण. पुढच्या टप्प्याचे पैसे आताच मागून घेतले. मुद्दाम एक कनेक्टर काढून बघितला, आकडा चुकला नाही. केबलची नोंद ॲपवर झाली.

२५ ऑगस्ट

परवा चतुर्थी. विसर्जनापर्यंत खोदाई बंद. मंडपांची वेळूची कामं, खांबावरून लोंबणाऱ्या टीव्हीच्या तारा. मूर्ती येताना पोरं लांब बांबूनं तारा उचलून धरतात आणि काही तारा उचलताना तुटतात. आपली सगळी जमिनीखाली आहे याचं आज फार बरं वाटलं.

७ सप्टेंबर

काल अनंत चतुर्दशी. संभाजी चौक, रामलिंगखिंड गल्ली ते कपिलेश्वर तलाव, माणसांचा पूर. रात्रभर नियंत्रण कक्षात होते. सगळे कॅमेरे पूर्ण क्षमतेनं चालू, मिरवणुकीच्या वाटेवर सिग्नल बंद करून पोलीस हातानं वाहतूक सोडत होते. पाण्याचा आकडा दर दहा सेकंदांनी येत राहिला. व्हीलॅन केला असता तर कदाचित हेही चाललं असतं, पण मला आज वाट बघत बसावं लागलं नाही.

पहाटे ढोल अजून वाजतच होते.

१५ सप्टेंबर

मामांचा फोन: “मॅडम, तुमचा आकडा चुकूलालाय.” दहा दिवसांच्या दोन्ही नोंदी शेजारी मांडल्या. त्यांची वही आणि आमचा पडदा पहाटे आणि दुपारी जुळतो. रात्री अडीचला मात्र आमचा आकडा २० सेंटिमीटरनं जास्त. रोज नाही, फक्त पाणी येत असताना.

टाकीवर चढलो. मामा साठीला आलेत, तरी शिडी माझ्याआधी चढले. झाकण उघडून त्यांनी दाखवलं. येणारा पाइप बरोबर सेन्सरच्या खाली. वाल्व उघडला की पाणी तिथं उसळतं, आणि वरून ध्वनिलहरी सोडून अंतर मोजणारा सेन्सर त्या उसळीलाच पातळी समजतो. बसवताना वाल्व बंद होता, मला कळायला मार्ग नव्हता, पण त्यांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

सेन्सर झाकणाच्या दुसऱ्या कडेला हलवला, खाली प्लॅस्टिकची जाड नळी उभी केली म्हणजे आत पाणी शांत राहील. मामांनी वाल्व उघडला. खालून त्यांनी ओरडून बाणाचा आकडा सांगितला, ३.१. माझ्या पडद्यावर ३.१.

उद्या दुसऱ्या टाकीवर. तिथला पाइप कुठून येतो ते आधी तिथल्या वाल्वमनना विचारायचं.